चारित्र्यशिक्षणाची पारख
शालेय उपक्रमांविषयीचे संशोधन कसे तपासावे?

शाळेने मुलांना केवळ लिहिणे-वाचणे नव्हे, तर चांगले वागणेही शिकवावे, या मताविषयी आपल्या देशात फारसा वाद कधी झाला नाही. १९५९ साली केंद्र सरकारने श्रीप्रकाश यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. शिक्षणसंस्थांतून नैतिक व आध्यात्मिक मूल्यांचे शिक्षण देणे इष्ट आहे, असा निर्वाळा तिने दिला. पुढे १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगानेही या विषयाचा विचार केला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही त्यास स्थान मिळाले. सकाळच्या परिपाठातील सुविचार, बोधकथा, प्रतिज्ञा, मूल्यशिक्षणाचा तास, सेवेचे उपक्रम हे सर्व या एकाच हेतूने शाळांतून चालत आले आहे.

तथापि या उपक्रमांच्या बाबतीत एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्यांचा उपयोग होतो काय? शाळेच्या वार्षिक अहवालात 'उपक्रम उत्साहात पार पडला', 'विद्यार्थ्यांमध्ये शिस्त वाढली' अशी वाक्ये आढळतात. ती लिहिणारे शिक्षक खोटे लिहीत नसतात. त्यांना मनापासून तसे वाटत असते. परंतु वाटणे आणि असणे यांत अंतर असू शकते, व ते अंतर शोधून काढणे हेच शास्त्राचे काम होय. कोणतेही नवे औषध तपासून पाहिल्यावाचून आपण मुलांना देत नाही. चारित्र्यशिक्षणाचा उपक्रम हाही एका परीने उपचारच आहे. त्यात मुलांचे तास, शिक्षकांचे श्रम आणि समाजाचा पैसा खर्ची पडतो. उपक्रम निरुपयोगी ठरला तर हे सर्व वाया जाते. आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, क्वचित त्यापासून अपायही घडतो.

चारित्र्यशिक्षणाच्या परिणामांचा शोध घेण्याचे प्रयत्न गेली शंभर वर्षे चालू आहेत. त्यांतील काही प्रमुख प्रयत्नांची ओळख करून देणे, आणि असे संशोधन वाचताना कोणत्या गोष्टी तपासाव्यात ते सांगणे, हा या पुस्तिकेचा उद्देश आहे.

प्रामाणिकपणाचे मोजमाप

१९२४ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात ह्यू हार्टशॉर्न व मार्क मे या दोघा संशोधकांनी एका मोठ्या अभ्यासास आरंभ केला. हे काम पाच वर्षे चालले. त्याचा वृत्तांत १९२८ ते १९३० या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाला. या अभ्यासात आठ ते सोळा वर्षे वयाच्या सुमारे अकरा हजार मुलामुलींची पाहणी करण्यात आली.

त्यापूर्वी मुलांचे चारित्र्य जाणण्याची रीत अशी होती की शिक्षकांना विचारावे, पालकांना विचारावे, किंवा मुलांनाच 'खोटे बोलणे योग्य आहे काय?' असा प्रश्न टाकावा. हार्टशॉर्न व मे यांनी ही रीत पुरेशी मानली नाही. मूल काय सांगते यापेक्षा ते प्रत्यक्षात काय करते हे पाहावयाचे त्यांनी ठरविले. त्यासाठी त्यांनी अनेक युक्त्या योजल्या. एका कसोटीत मुलांच्या उत्तरपत्रिका गोळा करून त्यांतील उत्तरांची गुपचूप नोंद करून ठेवीत. दुसऱ्या दिवशी त्याच पत्रिका बरोबर उत्तरांच्या यादीसह मुलांना परत देऊन 'आपले गुण आपणच मांडा' असे सांगत. कोणी मधल्या वेळात आपले उत्तर बदलले हे मूळ नोंदीशी ताडून कळत असे. दुसऱ्या कसोटीत डोळे मिटून कागदावरील लहान लहान वर्तुळांत आकडे लिहावयाचे असत. डोळे खरोखरच मिटलेले असतील, तर हे काम फार चांगले साधणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून ज्याचे सर्व आकडे अचूक जागी पडले, त्याने डोळे किलकिले केले असावेत हे उघड होई. आणखी एका कसोटीत कोड्याच्या पेटीत एक नाणे राहू दिलेले असे. पेटी परत करताना मूल ते नाणे ठेवते की खिशात घालते, हे पाहिले जाई. मुलांना अंधारात ठेवून घेतलेल्या अशा कसोट्यांना आज सहजासहजी अनुमती मिळणार नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या श्रमांतून जे निष्कर्ष निघाले, त्यांनी त्या काळच्या शिक्षकांस चकित केले. पहिली गोष्ट अशी की, 'प्रामाणिक मुले' आणि 'अप्रामाणिक मुले' असे दोन स्पष्ट वर्ग आढळले नाहीत. परीक्षेत उत्तर बदलणारे मूल खेळात सचोटीने वागे, आणि वर्गात सरळ असणारे मूल घरी नेलेल्या कामात लबाडी करी. दोन गोष्टी कितपत बरोबरीने चालतात हे सांगणाऱ्या आकड्यास सहसंबंध म्हणतात. संबंध मुळीच नसेल तर तो शून्य येतो, आणि दोन्ही गोष्टी पूर्णपणे एकत्र चालत असतील तर एक येतो. प्रामाणिकपणाच्या निरनिराळ्या कसोट्यांतील सहसंबंध सरासरीने ०.२३ च्या आसपास भरला. म्हणजे एका कसोटीवरून दुसरीचे भाकीत फार थोडे करता येत होते.

दुसरी गोष्ट त्याहूनही विचार करण्याजोगी होती. योग्य-अयोग्याचे ज्ञान आणि प्रत्यक्ष वर्तन यांचा संबंध फारच सैल आढळला. लबाडी वाईट हे मुलांना चांगले ठाऊक होते. तरीही संधी मिळताच त्यांपैकी अनेकांनी लबाडी केली. रविवारच्या धर्मवर्गांस जाणे किंवा चारित्र्य घडविण्यासाठी काढलेल्या संघटनांचे सभासद असणे यांचाही प्रामाणिकपणाशी खात्रीचा संबंध दिसला नाही. उलट, मूल ज्या वर्गात बसते त्या वर्गाची रीत कशी आहे, सोबती कसे आहेत, यांचा प्रभाव मात्र दिसून आला.

या अभ्यासावर पुढे टीकाही झाली, व ती समजून घेणे आवश्यक आहे. १९६३ साली रॉजर बर्टन यांनी जुन्या आकड्यांची नव्याने छाननी केली. निरनिराळ्या कसोट्यांच्या मुळाशी थोडाफार समान असा प्रामाणिकपणाचा अंश आहे, असे त्यांना आढळले. पुढील अभ्यासकांनी आणखी एक मुद्दा मांडला. एका डावावरून फलंदाजाची योग्यता ठरविता येत नाही. अनेक डावांची सरासरी घ्यावी लागते. त्याचप्रमाणे एकेकटी कसोटी अविश्वसनीय असली, तरी अनेक कसोट्यांची बेरीज केल्यास मुलाच्या स्वभावाचे चित्र पुष्कळसे स्थिर दिसते. तेव्हा चारित्र्य नावाची वस्तूच नाही असा अर्थ हार्टशॉर्न व मे यांच्या कामातून काढणे योग्य नव्हे. योग्य अर्थ असा की, ती वस्तू एका प्रश्नाने किंवा एका प्रसंगाने मोजता येत नाही.

सांगणे आणि वागणे

आजही चारित्र्यशिक्षणाच्या पुष्कळशा अभ्यासांत प्रश्नावलीचाच आधार घेतला जातो. 'मी इतरांना मदत करतो', 'मी दिलेला शब्द पाळतो' अशी वाक्ये देऊन मुलाने त्यांपुढे खूण करावयाची असते. ही रीत स्वस्त आणि सोपी आहे. पण तिच्यात दोन मोठ्या उणिवा आहेत.

पहिली उणीव अशी की, आपण चांगले दिसावे ही इच्छा प्रत्येकास असते. वर्षभर मदतीचे महत्त्व ऐकलेल्या मुलास 'तू मदत करतोस काय?' असे विचारले, तर अपेक्षित उत्तर कोणते हे ते जाणून असते. त्याचे वागणे तिळमात्र बदलले नसले तरी उत्तर बदलते. अशा वेळी उपक्रमाने चारित्र्य शिकविले नसून केवळ उत्तर शिकविलेले असते.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. स्वतःस पारखताना प्रत्येक जण मनात एक माप धरतो, आणि ते माप भोवतालच्या मंडळींवरून ठरते. अमेरिकेतील बोस्टन शहरात झालेला व २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील काही कडक शिस्तीच्या शाळांतील मुलांनी परीक्षांत चांगली प्रगती दाखविली. परंतु 'तुझा स्वतःवर ताबा किती आहे?' या प्रश्नास त्यांनी इतर शाळांतील मुलांपेक्षा स्वतःला कमी गुण दिले. त्यांचा ताबा खरोखर कमी झाला होता, असे मानण्याऐवजी संशोधकांनी एक वेगळा खुलासा पुढे ठेवला. जेथे सर्वांकडूनच मोठी अपेक्षा केली जाते, तेथे मुलाचे मनातील मापही उंचावते, आणि त्या मापाने ते स्वतःला उणे समजू लागते. हा खुलासा खरा असेल, तर चांगला उपक्रम प्रश्नावलीवर वाईट दिसू शकतो, हे उघड आहे.

शिक्षकांच्या मताचेही तसेच आहे. ज्याने वर्षभर खपून उपक्रम राबविला, त्यालाच 'मुले सुधारली काय?' असे विचारणे म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यालाच भाजीच्या चवीचा निवाडा देण्यास बसविणे होय. म्हणून चांगल्या संशोधनात एकाच साक्षीवर भिस्त ठेवीत नाहीत. मुलांचे उत्तर, शिक्षकांचे व पालकांचे मत, शाळेच्या दप्तरातील गैरहजेरी व शिक्षेच्या नोंदी, आणि त्रयस्थ निरीक्षकाने वर्गात अथवा क्रीडांगणावर केलेली नोंद, अशा अनेक साक्षी ताडून पाहिल्या जातात. हा निरीक्षक कोणत्या शाळेत उपक्रम चालू आहे हे न जाणणारा असेल, तर त्याची साक्ष अधिक मोलाची ठरते.

तुलना कोणाशी?

समजा, मोजमाप निर्दोष झाले आणि वर्षाअखेर मुले अधिक समंजस आढळली. तरीही त्याचे श्रेय उपक्रमास देता येईल काय? एका शेतकऱ्याने शेतात नवे खत घातले व त्या वर्षी पीक उत्तम आले, एवढ्यावरून खताचा गुण सिद्ध होत नाही. कदाचित पाऊसच चांगला झाला असेल. मुलांच्या बाबतीत वाढते वय हाच तो पाऊस होय. नऊ वर्षांचे मूल दहा वर्षांचे होताना कोणी काही न शिकविताही पुष्कळसे बदलते.

म्हणून खरा प्रश्न 'मुले सुधारली काय?' हा नसून 'उपक्रम नसता तर हीच मुले कशी असती?' हा आहे. या प्रश्नाचे उत्तर थेट मिळणे शक्य नाही, कारण तेच मूल एकाच वेळी उपक्रमात आणि उपक्रमाबाहेर असू शकत नाही. तेव्हा शक्य तितक्या सारख्या अशा दुसऱ्या मुलांशी तुलना करावी लागते. येथेही फसगत संभवते. ज्या शाळा आपण होऊन उपक्रम स्वीकारतात, त्यांचे मुख्याध्यापक आधीपासूनच उत्साही असतात, पालक जागरूक असतात. अशा शाळांची तुलना उदासीन शाळांशी केली, तर दिसणारा फरक उपक्रमाचा की उत्साहाचा, हे सांगता येत नाही.

या अडचणीवर शास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा शेतीच्याच प्रयोगांतून पुढे आला. १९२० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी असे प्रतिपादन केले की, कोणत्या वाफ्यास खत द्यावे व कोणत्यास देऊ नये हे माणसाच्या पसंतीवर न सोडता चिठ्ठ्या टाकून ठरवावे. चिठ्ठीस कोणाची आवडनिवड नसते. वाफे पुरेसे असतील तर चांगली व वाईट जमीन दोन्ही बाजूंस सारखीच वाटली जाते, आणि मग जो फरक उरतो तो खताचा मानता येतो. शाळांच्या बाबतीतही हीच रीत उपयोगी पडते. इच्छुक शाळांची यादी करून चिठ्ठ्यांनी निम्म्या शाळांस उपक्रम आज द्यावा, व उरलेल्यांस तो दोन वर्षांनी द्यावा. यात कोणावर अन्याय होत नाही. साधने अपुरी असताना चिठ्ठी टाकणे हाच न्याय्य मार्ग असतो.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. उपक्रम शाळेस दिला जात असेल, तर मोजावयाच्या त्या शाळा, मुले नव्हेत. दोन शाळांतील मिळून हजार मुले पाहिली म्हणजे हजार स्वतंत्र पुरावे मिळाले असे होत नाही. एका शाळेतील मुलांवर एकच मुख्याध्यापक, एकच वस्ती, एकच वातावरण यांचा परिणाम होत असतो. म्हणून अहवालात मुलांची संख्या मोठी दिसली तरी शाळा किती होत्या, हे वाचकाने आवर्जून पाहावे.

सात उपक्रमांची कसोटी

या सर्व अटी ध्यानात घेऊन केलेल्या चाचण्यांपैकी एक महत्त्वाची चाचणी अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संशोधनसंस्थेने २००४ ते २००७ या काळात घडवून आणली. तिचा अहवाल २०१० साली प्रसिद्ध झाला. सामाजिक व चारित्र्यविषयक विकासाचे सात निरनिराळे उपक्रम तिच्यात तपासण्यात आले. ऐंशीहून अधिक प्राथमिक शाळा चिठ्ठ्यांच्या तत्त्वाने दोन गटांत वाटण्यात आल्या, आणि तिसरी ते पाचवी या इयत्तांतील सुमारे सहा हजार मुलांची तीन वर्षे पाहणी झाली. सामाजिक व भावनिक कौशल्य, वर्तन, अभ्यासातील प्रगती आणि शाळेचे वातावरण या चार सदरांखाली वीस बाबी मोजण्यात आल्या.

निष्कर्ष निराशाजनक होता. सातही उपक्रमांचा एकत्रित विचार करता, सरासरीने या बाबींत सुधारणा दिसून आली नाही.

वीस बाबी मोजल्या हा तपशील क्षुल्लक नाही. निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याचा संभव विसांत एक इतका असेल, तोवर तो चालवून घ्यावा, असा संशोधनातील रूढ संकेत आहे. आता ज्या उपक्रमात काहीच गुण नाही, त्याच्या वीस परस्परस्वतंत्र बाबी मोजल्या, तर निदान एका बाबीत योगायोगाने 'फरक' दिसण्याचा संभव सुमारे ६४ टक्के असतो. अशा वेळी ती एकच बाब ठळकपणे छापून उरलेल्या एकोणीस गाळल्या, तर अहवालातील एकही वाक्य खोटे नसताना सारा अहवाल खोटा होतो. म्हणून काय काय मोजणार व कशास यश म्हणणार, हे आधीच लिहून ठेवणाऱ्या संशोधनावर अधिक विश्वास ठेवावा.

या चाचणीतून उपक्रमांविरुद्ध मात्र घाईने निकाल देऊ नये. ज्या शाळांस उपक्रम मिळाला नव्हता, त्याही रिकाम्या बसल्या नव्हत्या. त्यांच्यातही चारित्र्यशिक्षणाचे काही ना काही कार्य नित्याप्रमाणे चालूच होते. तेव्हा तुलना 'उपक्रम' आणि 'काहीच नाही' यांची नसून, 'ठरावीक उपक्रम' आणि 'नेहमीची रीत' यांची होती. नवा उपक्रम विकत घेणाऱ्या शाळेस नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा असतो, हेही तितकेच खरे.

अमेरिकन शिक्षण खात्याच्याच दुसऱ्या एका छाननी विभागाने २००७ पर्यंत चारित्र्यशिक्षणाच्या ४१ उपक्रमांविषयीचे संशोधन तपासले होते. त्यांपैकी अवघ्या १३ उपक्रमांच्या बाबतीत विभागाच्या कसोटीस उतरणारे अभ्यास आढळले. उरलेले उपक्रम वाईट होते असे नव्हे. ते चांगले की वाईट हे सांगण्याजोगा पुरावाच नव्हता. पुराव्याचा अभाव आणि अभावाचा पुरावा या दोन गोष्टी वाचकाने वेगळ्या ठेवाव्यात.

हेतू चांगला, परिणाम उलटा

'उपयोग झाला नाही तरी नुकसान तर नाही ना?' असे पुष्कळदा म्हटले जाते. या समजुतीस धक्का देणारा एक प्रयोग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात घडला. तो शालेय तासांपुरता नव्हता, तरी मुलांचे शील घडविणे हाच त्याचा हेतू होता. १९३९ साली केंब्रिज व सॉमरव्हिल या दोन गावांतील ५०६ मुलांच्या, वय-परिस्थिती पाहून, जोड्या लावण्यात आल्या. प्रत्येक जोडीतील कोणाला साहाय्य द्यावयाचे हे नाणे उडवून ठरले. निवडलेल्या मुलांच्या घरी समुपदेशक नियमाने जात, अभ्यासात मदत करीत, औषधपाण्याची सोय लावीत, उन्हाळी शिबिरांस पाठवीत. हे काम १९४५ पर्यंत चालले.

पुढे सुमारे तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधिकेने ही मुले, म्हणजे आता मध्यमवयीन झालेली माणसे, शोधून काढली. साहाय्य मिळालेल्यांपैकी ज्यांनी उत्तरे पाठविली, त्यांतील दोन-तृतीयांशांनी 'त्या कार्यक्रमाचा आम्हांस लाभ झाला' असे कृतज्ञतेने सांगितले. परंतु मॅककॉर्ड यांनी न्यायालये, रुग्णालये व मृत्यूच्या नोंदी तपासून त्यांची तुलना साहाय्य न मिळालेल्या जोडीदारांशी केली, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. साहाय्य मिळालेली मुले कोणत्याही बाबतीत सरस ठरली नाहीत. आणि पुन्हा गुन्हा करणे, मद्यासक्ती, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू यांसारख्या काही बाबतींत ती मागेच होती. हे निष्कर्ष १९७८ साली प्रसिद्ध झाले. असे का व्हावे, याविषयी एक तर्क असा आहे की, बेशिस्त मुले शिबिरांत एकत्र आली, आपल्या उचापतींच्या बढाया मारू लागली, आणि एकमेकांची शाबासकी मिळवीत अधिकच बिघडली.

येथे नाणे उडविले गेले नसते व जोडीदारांची नोंद ठेवली गेली नसती, तर केवळ कृतज्ञतेची पत्रे उरली असती. त्यांच्या आधारे हाच कार्यक्रम शेकडो गावांत चालू झाला असता.

आशेला जागा

तर मग शाळेने हा प्रयत्न सोडून द्यावा काय? पुराव्याचा कौल तसा नाही. २०११ साली जोसेफ डर्लाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी सामाजिक व भावनिक शिक्षणाच्या २१३ शालेय उपक्रमांच्या अभ्यासांचे एकत्रीकरण प्रसिद्ध केले. त्यांत एकूण २,७०,०३४ विद्यार्थ्यांचा समावेश होता. उपक्रमातील मुलांची कौशल्ये, वर्तन व अभ्यास यांत सरासरीने सुधारणा आढळली. अभ्यासातील फरक ०.२७ प्रमाण विचलन इतका होता. साध्या भाषेत सांगावयाचे तर, शंभर मुलांच्या रांगेत जे मूल मध्यावर, म्हणजे पन्नासाव्या जागी उभे असते, ते सुमारे एकसष्टाव्या जागी पोहोचते. तथापि उपक्रम संपल्यावर सहा महिन्यांनी किंवा त्यानंतर मुलांची पुन्हा पाहणी करणारे अभ्यास त्यांत थोडेच होते. शिवाय ज्या अभ्यासांत काही आढळत नाही ते बहुधा छापलेच जात नाहीत, व त्यामुळे छापलेल्यांची सरासरी वास्तवाहून उजळ दिसते, हेही लक्षात ठेवावे.

आपल्या देशातही अशा चाचण्या झाल्या आहेत. हरियाणातील ३१४ सरकारी शाळांपैकी १५० शाळा चिठ्ठ्यांच्या तत्त्वाने निवडून, तेथे 'ब्रेकथ्रू' या संस्थेने मुलामुलींच्या समतेविषयी वर्गचर्चांचा उपक्रम चालविला. दिवा धर, तरुण जैन व सीमा जयचंद्रन यांनी त्याची परीक्षा केली व २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांच्या मतांत ०.१८ प्रमाण विचलन इतका बदल झाला, आणि उपक्रम संपून दोन वर्षे लोटल्यावरही तो टिकून होता. केवळ चांगले दिसण्यासाठी कोण उत्तरे देतो, हे ओळखण्याची सोयही या अभ्यासात केलेली होती. मुलांनी स्वतः सांगितलेले वर्तनही सुधारले होते. परंतु प्रत्यक्ष कृतीतून कल जोखणाऱ्या दोन कसोट्यांवर पुरावा दुबळा होता, हे संशोधकांनी स्वतःच नमूद केले. आपल्या कामाची दुबळी बाजू आपणच उघड करणे हे विश्वसनीय संशोधनाचे एक लक्षण होय.

दुसरी चाचणी बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांत झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. गोव्यात मुख्यालय असलेल्या 'संगत' या संस्थेचा तीत पुढाकार होता. शाळेचे वातावरण निकोप करण्याचा एकच उपक्रम काही शाळांत त्यासाठी नेमलेल्या, पदवीधर तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांकडे, तर काही शाळांत तेथील शिक्षकांकडे सोपविण्यात आला. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले व दांडगाई कमी झाल्याचे विद्यार्थ्यांनी सांगितले. शिक्षकांकडे सोपविलेल्या शाळांत मात्र परिणाम दिसला नाही. याचा दोष शिक्षकांस देणे अन्यायाचे होईल. अध्यापन, परीक्षा व नाना सरकारी कामे यांच्या ओझ्यावर आणखी एक ओझे टाकले, तर ते वाहून नेण्यास वेळ कोठून येणार? उपक्रमाचे पुस्तक तेच असले, तरी तो कोण, किती वेळ देऊन राबवितो यावर फळ अवलंबून राहते, हा यातील बोध आहे.

शाळेने विचारावयाचे प्रश्न

एखादा उपक्रम घेऊन कोणी शाळेत आला, किंवा वाचनालयात एखादा उत्साहवर्धक अहवाल हाती पडला, तर पुढील प्रश्न विचारावेत. मुलांनी काय सांगितले एवढेच पाहिले, की ती कशी वागली तेही पाहिले? तुलना कोणाशी केली, व तुलनेच्या शाळा कोणी आणि कशा निवडल्या? शाळा किती होत्या? किती बाबी मोजल्या, आणि त्यांपैकी किती छापल्या? उपक्रम संपल्यावर वर्ष-दोन वर्षांनी कोणी पुन्हा पाहिले काय? परीक्षा घेणाऱ्याचा उपक्रमाच्या विक्रीत अथवा कीर्तीत हितसंबंध आहे काय? आणि उपक्रम कागदावर लिहिल्याप्रमाणे वर्गात खरोखर पार पडला काय?

हे प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. चारित्र्यशिक्षणात आपण मुलांस सांगतो की, खरे बोलावे, स्वतःची फसवणूक करून घेऊ नये, आणि चूक आढळली तर ती कबूल करावी. हेच नियम आपण आपल्या उपक्रमासही लावले पाहिजेत. उपक्रमाचा उपयोग झाला नाही असे आढळले, तर तसे लिहिणारा शिक्षक मुलांसमोर प्रामाणिकपणाचा पाठच ठेवीत असतो. आणि उपयोग झाला असे आढळले, तर दुसऱ्या गावच्या शाळेस त्याच्या शब्दावर विसंबता येते.